दोरी ओढून हात दुखला तरी ग्रास कटर सुरू होईना? मेकॅनिककडे नेण्याआधी एवढं तपासाच

जून उजाडतो, मृगाच्या दोन-चार सरी पडतात आणि आठ-दहा दिवसांत बांध हिरवे होतात. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा पट्टा हा ऊस आणि द्राक्षाचा. बागेच्या दोन ओळींमधलं तण बघता बघता गुडघ्याला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली उसाची लागण करायची असते, त्याआधी बांध-सऱ्या साफ व्हायला हव्यात. खुरपायला माणूस वेळेवर मिळेलच याची खात्री नसते. मग शेडच्या कोपऱ्यात चार-पाच महिने पडून असलेला ग्रास कटर बाहेर निघतो. टाकीत जुनं थोडं पेट्रोल असतंच. दोरी ओढली जाते. एकदा, दोनदा, वीसदा. इंजिन साधं फट सुद्धा म्हणत नाही.

मशीन गाडीवर टाकून मेकॅनिककडे न्यावं, तर तिथं आधीच रांग लागलेली असते. कारण सगळ्यांचीच मशीन एकाच आठवड्यात बाहेर निघतात आणि एकाच कारणानं अडतात. दोन-तीन दिवस तिथं गेले की इकडं तण फुलावर येतं आणि एकदा त्यानं बी टाकलं की पुढच्या हंगामाचंही काम वाढून बसतं.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की, न सुरू होणाऱ्या अशा बहुतेक मशीनचं इंजिन खराब झालेलंच नसतं. खराब झालेलं असतं ते पेट्रोल, किंवा मग प्लग. या दोन्ही गोष्टी घरच्या घरी, एक प्लग पाना आणि अर्धा तास वेळ असेल तर तपासता येतात. फक्त कुठून सुरुवात करायची, याचा क्रम माहीत पाहिजे.

डिझेल इंजिनची सवय इथं चालत नाही

कुंडलच्या परिसराला इंजिन नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आपला कारखाना बेळगावहून इथं आणला. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर, पंप अशी शेतीची अवजारं तिथं तयार व्हायला लागली. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन महाराष्ट्रातल्या गावागावात पोहोचलं.

त्यामुळं या भागातल्या जुन्या शेतकऱ्याला इंजिन म्हटलं की हँडल मारून सुरू होणारं डिझेल इंजिनच आठवतं. त्यात प्लग नसतो, कार्बोरेटर नसतो. हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. ते सुरू होत नसेल तर लोक आधी पाईपमधली हवा काढतात. कॅनमध्ये काही महिने ठेवलेलं डिझेल गाळून घातलं तरी इंजिनाची सहसा तक्रार नसते.

ग्रास कटर, पॉवर विडर, औषध मारायचा पेट्रोलवरचा पंप आणि बागेतला चाकाचा लॉन मूव्हर यांचं तसं नाही. ही छोटी पेट्रोल इंजिनं आहेत. यात दाब कमी, साधारण आठ पट असतो. पेट्रोल आपोआप पेटत नाही, त्याला ठिणगी द्यावी लागते. आणि हवेत किती पेट्रोल मिसळायचं हे कार्बोरेटरमधली सुईच्या टोकाएवढी भोकं ठरवतात. म्हणून डिझेलच्या इंजिनाला चालून जाणारा निष्काळजीपणा इथं लगेच नडतो.

इंजिनाला लागतं तरी काय?

तीनच गोष्टी. पहिली, हवा आणि पेट्रोल यांचं योग्य मिश्रण. दुसरी, ते मिश्रण पेटवायला वेळेवर पडणारी ठिणगी. तिसरी, पेटण्याआधी ते मिश्रण दाबलं जाणं, म्हणजेच कॉम्प्रेशन. यातली एक जरी गोष्ट नसेल तरी इंजिन सुरू होणार नाही. आणि तिन्ही असतील, तर ते सुरू न होण्याचं कारणच उरत नाही.

सगळी तपासणी म्हणजे या तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते शोधणं. फुकटात होणारी तपासणी आधी करायची, खर्चाची शेवटी.

हात लावण्याआधी

पात्याजवळ काहीही करायचं असेल, अडकलेलं गवत काढायचं असेल, तरी आधी स्विच बंद करायचा आणि प्लगची टोपी ओढून काढायची. पातं हातानं फिरवताना इंजिनही फिरतं आणि चाकाच्या लॉन मूव्हरमध्ये ते अचानक सुरू होऊ शकतं. इंजिन गरम असताना पेट्रोल भरायचं नाही. सांडलेलं पेट्रोल पुसून, वास जाईपर्यंत थांबायचं. आणि हे काम बंद खोलीत नाही, मोकळ्या हवेत करायचं. विडी-सिगारेट तर अजिबात नको.

पहिली पाच मिनिटं : साध्या चुका

ऐकायला किरकोळ वाटेल, पण बऱ्याच मशीनचा प्रश्न इथंच सुटतो.

स्विच चालूवर आहे का? ग्रास कटरच्या मुठीवरचा स्विच खांद्यावर घेताना धक्का लागून बंद होतो. लॉन मूव्हरला दांड्याजवळ एक लिव्हर असते. ती दांड्याबरोबर हातात दाबून धरली नाही तर अनेक मॉडेलमध्ये ठिणगीच पडत नाही. माणूस निसटला तर मशीन बंद व्हावं, यासाठी ती सोय असते.

पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? पॉवर विडरला आणि बऱ्याच लॉन मूव्हरला टाकीखाली कॉक असतो. वाहून नेताना तो बंद केला जातो आणि नंतर विसरला जातो.

ऑईल आहे का? फोर स्ट्रोक इंजिनात ऑईल वेगळं भरावं लागतं. काही इंजिनात ऑईल कमी झालं की ठिणगी बंद करणारी यंत्रणा बसवलेली असते. मशीन उतारावर ठेवलं असेल तरी ती फसू शकते. म्हणून मशीन सपाट जागी ठेवून ऑईलची पातळी बघायची.

एअर फिल्टर कसा आहे? झाकण काढलं की फोम दिसतो. तो धूळ आणि ऑईलनं चिकट झाला असेल तर हवा आत जात नाही. साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, कंपनीनं सांगितलं असेल तर ऑईलचे थोडे थेंब लावून परत बसवायचा. फिल्टर कागदी असेल तर तो धुवायचा नाही, झटकायचा किंवा बदलायचा. फिल्टर काढून टाकून मशीन चालवणं हा उपाय नाही. बांधावरची धूळ थेट पिस्टनपर्यंत जाते आणि तिथं घासत राहते.

शेडमध्ये पडून असलेल्या मशीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. उंदीर प्लगची वायर किंवा पेट्रोलची नळी कुरतडतात. एकदा सगळीकडून नजर फिरवली की हे लगेच दिसतं.

दोरी ओढायचीही पद्धत असते

थंड इंजिन सुरू करताना चोक लावायचा. चोक लावला की हवेची वाट अरुंद होते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. कार्बोरेटरजवळ रबरी फुगा असेल तर तो पाच-सहा वेळा दाबायचा, म्हणजे पेट्रोल वर चढतं. मग दोरी आधी हळू ओढायची, ती जड लागली की तिथून एक सलग झटका द्यायचा. दोरी अगदी शेवटपर्यंत ताणायची नाही आणि हातातून सोडूनही द्यायची नाही, नाहीतर आतली स्प्रिंग तुटते.

खरी चूक होते ती यानंतर. दोन-चार झटक्यांत इंजिन एकदा फट करतं आणि बंद पडतं. तो इशारा असतो, की आता चोक सोडा. पण अनेक जण चोक तसाच ठेवून दोरी ओढत राहतात. प्रत्येक झटक्याला आणखी पेट्रोल आत जातं, प्लग भिजतो आणि मग भिजलेला प्लग पेट घेत नाही. याला इंजिन फ्लड होणं म्हणतात. ताजं पेट्रोल, चांगला प्लग, सगळं ठीक असूनही मशीन अडतं ते असं.

इंजिन फ्लड झालं तर पेट्रोलचा वास येतो. मग स्विच बंद करून प्लग काढायचा, पुसून वाळवायचा. प्लग बाहेर असताना दोरी आठ-दहा वेळा ओढायची म्हणजे आतलं जास्तीचं पेट्रोल उडून जातं. यावेळी प्लगच्या भोकासमोर तोंड न्यायचं नाही. दहा मिनिटं थांबून प्लग लावायचा आणि चोक न लावता, ॲक्सिलेटर दाबून पुन्हा प्रयत्न करायचा.

पेट्रोल : उसाच्या शेतातून निघालं आणि उसाच्या शेतातच अडलं

एवढं करूनही इंजिन गप्प असेल तर संशय घ्यायचा तो टाकीतल्या पेट्रोलवर.

पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले लवकर पेटणारे घटकच लवकर उडूनही जातात. मशीन पडून राहिलं की आधी ते जातात. मागं उरलेलं पेट्रोल दिसायला सारखंच दिसतं, पण थंड इंजिनात पेट घेत नाही. हवेशी संपर्क येऊन हळूहळू त्यात गोंदासारखा चिकट पदार्थही तयार होतो. छोट्या इंजिनाच्या अनेक कंपन्या ३० दिवसांपेक्षा जुनं पेट्रोल वापरू नका असं सांगतात, ते याचसाठी.

त्यात गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट बदलली, ती म्हणजे इथेनॉल. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला, तेव्हा प्रमाण ५ टक्के होतं. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२० पेट्रोल मिळायला लागलं आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठल्याचं केंद्र सरकारनं सांगितलं.

हे इथेनॉल येतं कुठून? धान्यापासून आणि उसापासून. उसाचा रस आणि साखर तयार होताना उरणारी मळी ही त्याची कच्ची सामग्री. कुंडलला तर क्रांतीअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावानं सहकारी साखर कारखाना आहे. उसाला इथेनॉलमुळं आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, ही शेतकऱ्याच्या फायद्याचीच गोष्ट. पण त्याच उसाच्या बांधावर चालणाऱ्या छोट्या मशीनला इथेनॉल जपून वापरावं लागतं, ही त्याची दुसरी बाजू.

कारण इथेनॉल हवेतली वाफ शोषून घेतं. रोज चालणाऱ्या मोटरसायकलला त्यानं फारसा फरक पडत नाही, कारण तिची टाकी आठवड्याभरात रिकामी होते. पण अर्धी भरलेली टाकी पावसाळी हवेत महिनोन्‌महिने उभी राहिली, तर पेट्रोलमध्ये पाणी साठत जातं. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनाची नळी पेट्रोल उचलते तीही तळातूनच. म्हणजे टाकी भरलेली दिसते आणि कार्बोरेटरमध्ये जातं ते पाणी. शिवाय जुन्या मशीनमधल्या रबरी नळ्या आणि पातळ पडदे इथेनॉलनं फुगतात, कडक होतात किंवा चिरतात. छोट्या इंजिनाच्या कितीतरी कंपन्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. आपलं मशीन ई-२० साठी बनलंय का, हे पुस्तिकेत किंवा विक्रेत्याकडून बघून घेतलेलं बरं.

तपासायची सोपी रीत अशी. टाकीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढायचं आणि दहा मिनिटं स्थिर ठेवायचं. तळाशी वेगळा थर दिसला, पेट्रोल गढूळ दिसलं किंवा त्याला जुन्या वार्निशसारखा उग्र वास आला, तर त्याचा नाद सोडायचा. टाकी पूर्ण रिकामी करायची आणि आज आणलेलं पेट्रोल घालायचं. जुन्यात नवीन मिसळून भागत नाही. काढलेलं पेट्रोल बांधावर, ओढ्यात किंवा गटारात ओतायचं नाही. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवून गॅरेजवाल्याकडे द्यायचं.

टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

हा प्रश्न पेट्रोल घालतानाच विचारायचा असतो. टू स्ट्रोक ग्रास कटरला ऑईलची वेगळी जागा नसते. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. प्रमाण कंपनीनुसार बदलतं. ५०:१ सांगितलं असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली आणि २५:१ असेल तर ४० मिली टू-टी ऑईल.

ऑईल जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो आणि मशीन अडतं. ते साफ केलं की काम भागतं. पण ऑईल घालायचंच राहिलं, तर पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो आणि तो खर्च कधीकधी नव्या मशीनच्या जवळ जातो. घरात दोन्ही प्रकारची मशीन असतील तर कॅन वेगळे ठेवून त्यावर ठळक लिहून ठेवणं एवढाच याला उपाय आहे. गडी माणूस बदलला, घाईत दुसऱ्यानंच पेट्रोल भरलं, की घोळ होतो तो इथंच.

प्लग काढा, तो बरंच काही सांगतो

नवीन पेट्रोल घालून, पद्धतशीर दहा झटके देऊनही इंजिन सुरू झालं नाही तर प्लग काढून बघायचा. त्याचं टोक तीनपैकी एका अवस्थेत असतं.

टोक कोरडं ठणठणीत असेल, तर पेट्रोल आतपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे अडथळा टाकी ते कार्बोरेटर या वाटेत आहे.

टोक ओलं असेल, तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. एक तर इंजिन फ्लड झालंय, किंवा ठिणगी नाही, किंवा पेट्रोलमध्ये पाणी आहे.

टोकावर काळी काजळी असेल, तर मिश्रणात पेट्रोल किंवा ऑईल जास्त होतंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. मऊ ब्रशनं काजळी काढायची. प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण ०.६ ते ०.८ मिमी असावं लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पांढरा चिनी मातीचा भाग तडकला असेल तर प्लग बदलायचाच.

ठिणगी बघायची असेल तर त्यासाठी छोटा स्पार्क टेस्टर मिळतो, तो सगळ्यात सुरक्षित. तो नसेल तर प्लग टोपीत बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवतात आणि दोरी ओढतात. हे करताना प्लगचं भोक फडक्यानं झाकलेलं हवं, प्लग त्या भोकापासून लांब हवा, आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको आणि प्लग उघड्या हातात धरायचा नाही. निळसर ठिणगी कडक पडली तर ठीक. पिवळी, मलूल किंवा अजिबात पडली नाही, तर आधी नवीन प्लग लावून बघायचा. मशीनमधल्या सगळ्यात स्वस्त सुट्या भागांपैकी तो एक आहे. नव्या प्लगनंही ठिणगी नसेल तर स्विचची वायर कुठं घासून धातूला लागलीय का ते बघायचं. तीही ठीक असेल तर कॉईलवर संशय घ्यायचा, आणि ते काम मेकॅनिकचं.

पेट्रोल येत नसेल तर

प्लग कोरडा निघाला तर टाकीपासून सुरुवात करायची. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते. ती चिखलानं बुजली की आत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण थोडं सैल करून इंजिन सुरू झालं, तर दोष तिथंच आहे. ग्रास कटरच्या टाकीत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो, तो तुंबलाय का आणि नळी चिरलीय का ते बघायचं. नळी चिरली असेल तर ती पेट्रोलऐवजी हवा ओढते.

हे सगळं ठीक असेल तर मुक्काम कार्बोरेटरवर. पॉवर विडर आणि लॉन मूव्हरच्या कार्बोरेटरला खाली एक वाटी असते. कॉक बंद करून, खालचा बोल्ट काढून ती वाटी उतरवता येते. तळाशी पाणी, गंज किंवा पिवळट चिकटा दिसला की चोर सापडला. वाटी पुसायची आणि मधल्या जेटवर कार्बोरेटर क्लीनर मारायचा. जेटचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यात सुई किंवा खिळा घातला तर ते मोठं होतं आणि मग मिश्रणाचं गणित कायमचं बिघडतं.

टू स्ट्रोक ग्रास कटरच्या कार्बोरेटरला बहुतेकदा वाटी नसते. त्यात पातळ पडदे असतात, ते पेट्रोल आत खेचतात. मशीन वर्षानुवर्षं पेट्रोल भरून पडून राहिलं की पडदे कडक होतात. पूर्ण कार्बोरेटर न बदलता नुसते पडदे आणि गॅस्केट यांचा संच बऱ्याच मॉडेलसाठी मिळतो. दुकानदारानं थेट नवीन कार्बोरेटर सुचवला तर आधी हे विचारून बघायला हरकत नाही.

सायलेन्सरची जाळीही विसरायची नाही. टू स्ट्रोकमध्ये ती काजळीनं बुजते. धूर बाहेर जायला वाट नसली की नवीन हवा आत येत नाही.

दोरीच सांगते कॉम्प्रेशन आहे का

पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, तरी इंजिन गप्प. मग उरतं कॉम्प्रेशन. दोरी हळू ओढली तर एका जागी ती जड लागायला हवी. ती सलग हलकी येत असेल, तर प्लग सैल आहे, गॅस्केट उडालंय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. प्लग घट्ट करून फरक पडला नाही तर पुढचं काम घरचं नाही.

दोरी अजिबातच हलत नसेल, तर प्लगची टोपी काढून पात्याभोवती गवत किंवा तार गुंडाळलीय का ते आधी बघायचं. तसं काही नसेल तर जोर लावायचा नाही. पिस्टन जाम झाल्याची शक्यता असते.

चाकाच्या लॉन मूव्हरचं आणखी एक वेगळं दुखणं आहे. त्यात बहुतेक वेळा पातं थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेलं असतं. ते दगडावर आपटलं की फ्लायव्हीलची छोटी चावी कातरली जाते. फ्लायव्हील किंचित सरकतं आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडायला लागते. तेव्हा पेट्रोल, ठिणगी, दाब सगळं असून इंजिन सुरू होत नाही किंवा दोरी उलटा झटका देते. पातं दगडावर आपटल्यानंतर मशीन बंद पडलं असेल, तर मेकॅनिकला ते आधी सांगायचं. त्याचा अर्धा दिवस वाचतो.

गरम झाल्यावर सुरू होत नसेल तर

सकाळी मशीन झटक्यात सुरू होतं, तासभर चालतं. पेट्रोल भरायला थांबवलं की पुन्हा सुरू होत नाही. यात बहुतेकदा गरम इंजिनाला सवयीनं चोक लावला जातो आणि ते फ्लड होतं. गरम इंजिनाला चोक लागत नाही. चोक न लावताही अडत असेल आणि अर्ध्या तासानं थंड झाल्यावर आपोआप सुरू होत असेल, तर कॉईल गरम होऊन ठिणगी सोडतेय का ते मेकॅनिककडून तपासून घ्यायचं.

पुढच्या जूनसाठी आत्ताच

हंगाम संपला आणि मशीन महिनाभरापेक्षा जास्त उभं राहणार असेल, तर चार कामं करायची. टाकी रिकामी करायची. इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही. इंजिन थंड झालं की प्लग काढून भोकात इंजिन ऑईलचे पाच-सहा थेंब सोडायचे, स्विच बंद ठेवून दोरी दोनदा हळू ओढायची आणि प्लग परत लावायचा. शेवटी एअर फिल्टर धुवून, गवत-माती काढून मशीन कोरड्या जागी झाकून ठेवायचं. सगळं मिळून अर्धा तास लागतो.

पेट्रोलही गरजेपुरतंच आणायचं. घट्ट झाकणाच्या, पेट्रोलसाठीच्याच कॅनवर आणल्याची तारीख लिहून ठेवायची. महिन्याभरात ग्रास कटरला लागलं नाही तर ऑईल न मिसळलेलं पेट्रोल मोटरसायकलमध्ये घालून संपवता येतं.

एवढं करूनही मशीन मेकॅनिककडे न्यायची वेळ आलीच, तर तीन गोष्टी त्याला सांगायच्या. पेट्रोल किती जुनं होतं, प्लग ओला निघाला की कोरडा, आणि दोरी जड लागते की हलकी. या तीन उत्तरांवरून त्याला कळतं, की सुरुवात कार्बोरेटरपासून करायची, कॉईलपासून की रिंगांपासून. आणि बिल आलं की त्यातला कुठला भाग खरंच बदलायला हवा होता, हे मालकालाही समजतं.